विसाव्याची बाग

'हीलिंग गार्डन' या शब्दानं गेले काही दिवस माझा पिच्छा पुरवलाय. इस्पितळाच्या आवारात किंवा जवळपास केलेली बाग. आजारी माणसाच्या घरच्यांना घटकाभर तिथं बसता यावं, डोळे मिटावेसे वाटले तर मिटता यावेत, रडावंसं वाटलं तर कुणी बघत नाहीये अशी एखादी कोपऱ्यातली जागा मिळावी, एवढाच तिचा उद्देश. परदेशात बऱ्याच ठिकाणी अशा बागा शाळा-कॉलेजातली मुलं स्वतः खपून करतात. वाचलं आणि पहिला प्रश्न पडला तो असा, की याला मराठीत म्हणायचं काय? 'उपचार उद्यान' म्हटलं की डोळ्यांपुढे नगरपरिषदेची पाटी येते आणि खाली उद्घाटन करणाऱ्यांची नावं. 'आरोग्य वाटिका' म्हटलं की कोरफड आणि अडुळसा.

मग एकदम आपला साधा शब्द आठवला. विसावा.

पालखी वाटेत जिथं टेकते तो विसावा. आणि अंत्ययात्रेतही विसावा असतो. घर आणि स्मशान यांच्या मधे कुठंतरी तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात, मग पुढे निघतात. लहानपणी मला वाटायचं की ती थांबण्याची जागा गेलेल्या माणसासाठी असते. मोठेपणी कळलं, त्याला कसला आलाय थकवा? विसावा असतो तो वाहणाऱ्याच्या खांद्यासाठी. शब्द करणारे आपले पूर्वज फार शहाणे होते, असं अशा वेळी वाटतं.

तर मंडळी, आज जरा इतिहास. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा. आपल्या भागात विद्यार्थ्यांनी कुदळ-फावडं हातात घेऊन दुसऱ्याच्या विसाव्याची जागा उभी केली, त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली. आणि ज्या आजारापायी ती उभी राहिली, त्याच्याबद्दल घरात मोठ्यानं बोलत नसत.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा कुष्ठरोगाचा जुना पट्टा. आमच्याकडची म्हातारी माणसं 'महारोग' म्हणायची, तेही आवाज खाली आणून. घरात कुणाच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, की त्या एका माणसाचं आयुष्य बदलायचंच, पण घरातल्या प्रत्येकाचं बदलायचं. त्याची भांडी वेगळी. मग निजायची जागा वेगळी, गोठ्याकडची. मग वावरातल्या झोपडीत. बहिणींची लग्नं अडायची, भावाकडे कामाला बोलावणं बंद व्हायचं. जो बाहेर गेला त्याचे हाल सगळ्यांना दिसत, पण रात्री अंधारात त्याच्यासाठी भाकरी नेऊन ठेवणाऱ्या आईचे हाल कुठल्या कागदावर आले नाहीत.

कायद्याच्या कागदावर मात्र बरंच काही होतं. इंग्रजांनी १८९८ मधे केलेल्या कुष्ठरोग्यांविषयीच्या कायद्यानुसार निराधार रुग्णाला पकडून बंदिस्त आश्रमात ठेवता येत असे. हा कायदा आपण रद्द केला तो २०१६ मधे. जोडीदाराला कुष्ठरोग आहे हे घटस्फोटाचं कारण धरलं जायचं, ते आपल्या विवाहविषयक कायद्यांतून निघालं २०१९ मधे. औषध तर केव्हाच आलं होतं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं आली, त्यातूनच पुढे डॅप्सोनच्या गोळ्या. १९८२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचार सुरू केला, ज्यानं रोग पूर्ण बरा होतो. म्हणजे औषध येऊन सत्तर वर्षं झाली तरी कायदा जुन्या भीतीवरच चालला होता. घर मोडायला कायद्याची संमती होती. घर सावरायला मात्र कुणी नव्हतं.

अगदी कुणीच नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मधेच कुष्ठधाम सुरू केलं होतं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन होतं. आणि मग वरोऱ्याला मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा. मूळचे हिंगणघाटचे, वरोऱ्याचे वकील. त्यांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे सगळी सांगत बसत नाही. मला आज हवी आहे ती फक्त जमिनीची गोष्ट.

जून १९५१. वरोऱ्याजवळ ५० एकर जमीन. जमीन म्हणायची एवढंच, होतं ते झुडपी रान आणि दगड. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये. उद्घाटनाला विनोबा. नाव ठेवलं आनंदवन. तिथं विंचू-सापांशिवाय काही नसताना हे नाव ठेवायला काय छाती लागली असेल! पहिलं काम विहीर खणण्याचं. कुणाच्या हाताला बोटं पुरती नाहीत, कुणाचा पाय नीट टेकत नाही, बाबा-साधनाताई आणि कडेवरची लहान मुलं. विहिरीला पाणी लागलं, भाजीपाला पिकला आणि तिथं खरी अडचण आली. ती भाजी विकत घ्यायला कुणी तयार होईना. गावाच्या लेखी ती महारोग्यांनी हात लावलेली भाजी होती.

आता या गोष्टीत परदेशी पाहुणे येतात, म्हणून थोडं वरोऱ्याच्या बाहेर जाऊ. पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० मधे, पिएर सेरेसोल नावाच्या एका स्विस माणसानं फ्रान्समधे वर्दँच्या रणभूमीजवळ एक शिबिर घेतलं. तोफांनी उद्ध्वस्त केलेलं एक खेडं पुन्हा उभारायचं, आणि उभारायचं कुणी? तर काल एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या देशांतल्या माणसांनी, एकत्र. भाषणं नाहीत, फावडी. त्यातून 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल' ही संघटना उभी राहिली. १९३४ चा बिहारचा भूकंप झाला तेव्हा हेच सेरेसोल मदतीला तिथं आले होते. याच संघटनेचे स्वयंसेवक १९५४ मधे आनंदवनात आले. वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलंमुली. त्यांनी रुग्णांबरोबर माती वाहिली, भिंती बांधल्या, त्यांच्याबरोबर जेवले, तिथंच राहिले.

वरोऱ्याची माणसं बघायला आली. आधी कुंपणापाशी, मग आत. सातासमुद्रापलीकडच्या मुलींना यांच्या पंक्तीला बसून काही होत नाही, तर आपल्याला भाजी घेऊन काय होणार? आनंदवनच्या जुन्या हकिकतींत हे सांगितलं जातं, की गावचा बहिष्कार सैल व्हायला सुरुवात झाली ती तिथून. यात आपल्या लोकांचं गोऱ्या माणसांचं कौतुक किती आणि खरं मनपरिवर्तन किती, ते सोडून द्या. मला यातलं मोलाचं वाटतं ते वेगळंच. त्या मुलांनी बांधलेल्या भिंती कुणीही गवंड्यानं बांधल्या असत्या. जे गवंड्याला जमलं नसतं ते त्यांनी केलं. ती माणसांशेजारी उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी.

पुढची पायरी आणखी गमतीची आहे. १९६४ मधे आनंदवनच्या आवारात कॉलेज निघालं, आनंद निकेतन. पाठोपाठ शेतकी कॉलेज. ज्या गावानं भाजी नाकारली होती, त्या गावानं आणि आसपासच्या खेड्यांनी पोरं तिथं शिकायला पाठवली. म्हणजे उलटंच झालं की! आपण म्हणतो, विद्यार्थ्यांनी रुग्णांसाठी बाग करावी. इथं रुग्णांनी घाम गाळून, मुरुमाड जमिनीवर झाडी वाढवून, विद्यार्थ्यांसाठी जागा केली. गरीब घरातली कितीतरी मुलं या झाडांखाली बसून पदवीधर झाली. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे आनंदवनात पुन्हा पुन्हा असं उलटंसुलटं होत राहतं.

आणि मग सोमनाथ.

भंडाऱ्याकडून यायचं तर लाखांदूरच्या पुढे वैनगंगा ओलांडायची. मग ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि मूल. सगळी आपली झाडीपट्टीच. तोच धान, तीच दंडार, तीच बोली. मूल तालुक्यात जंगलाला लागून सोमनाथचं देऊळ आणि धबधबा आहे. तिथं १९६७ च्या सुमारास बाबांनी नवा प्रकल्प मांडला. मनात होतं श्रमिक विद्यापीठ. मातीत हात घालून शिकायचं असं विद्यापीठ. पदवी बिदवी काही नाही. बरे झालेले कुष्ठरुग्ण तिथं शेती उभी करू लागले, आणि त्यांच्या मदतीला उन्हाळ्यात महाराष्ट्रभरातून विद्यार्थी येऊ लागले. हीच ती श्रमसंस्कार छावणी. पुढे दरवर्षी १५ ते २२ मे हे तिचे दिवस ठरून गेले.

मे महिना! तोही चंद्रपूरचा! पारा ४५ च्या पुढे जातो तिथं. पण मातीकामाचा हंगाम तोच असतो. पाऊस पडायच्या आधी बांध बांधायचे, तलावातला गाळ काढायचा, चर खणायचे. कॉलेजच्या मुलांना सुट्टीही तेव्हाच. पहाटे अंधारात उठायचं, ऊन चढायच्या आत श्रमदान उरकायचं, दुपारी सावलीत व्याख्यानं, संध्याकाळी गाणी. जो तिथं जाऊन आला तो आयुष्यभर छावणीचं बोलत राहतो. आमच्या नात्यातही असे एक-दोघं आहेत. लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसलं की मट्ठ्याची वाटी रिकामी होईपर्यंत सोमनाथ ऐकावं लागतं. :)

पण त्यांच्याकडूनच ऐकलेली एक गोष्ट माझ्या मनात रुतून बसली आहे. शहरातल्या मुलाच्या हाताला पहिल्याच दिवशी फोड येतात. तो कुदळ टाकून हात झटकतो, फुंकर मारतो. शेजारी खणणारे काका थांबत नाहीत. त्यांच्या हातालाही फोड आलेला असतो, फुटलेला असतो, पण त्यांना ते कळलेलंच नसतं.

कुष्ठरोगाचं मर्म हेच आहे. रोगजंतू मज्जातंतू मारतो, संवेदना जाते. बोटं रोगानं झडतात असं लोक शतकानुशतकं समजत होते. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी काम करून दाखवून दिलं, की बोटं जातात ती न कळलेल्या जखमांनी. गरम भांडं धरलं, कळलं नाही. खिळा टोचला, कळलं नाही. उंदरानं कुरतडलं, तेही कळलं नाही. दुखणं ही देवानं दिलेली देणगी आहे, असं मानणारे ते डॉक्टर. म्हणून बधिर पायांसाठी मऊ रबराच्या, एमसीआरच्या चपला करतात. बधिर हातांसाठी अवजारांच्या मुठी जाड करतात, गुंडाळतात. आणि रोज संध्याकाळी स्वतःचे हात-पाय डोळ्यांनी तपासायला शिकवतात, कारण कातडी आता काही सांगणार नसते.

तर त्या छावणीत हळूहळू असं होत असे, की मुलगा स्वतःच्या फोडाबरोबर शेजारच्या काकांच्या हाताकडेही बघायला लागायचा. "काका, थांबा, रक्त आलंय." आणि काका त्याला कुदळ कशी धरायची ते शिकवायचे, म्हणजे फोडच येणार नाही. ज्याला दुखतं त्यानं दुसऱ्याच्या वतीनं दुखणं ओळखायचं, आणि ज्याला काम येतं त्यानं ते शिकवायचं. दोघांच्या मधे जे काही तयार होत होतं, त्यालाच मी बाग म्हणेन. बांधावरची झाडं नंतर आली.

विद्यार्थ्यांच्या श्रमदानाचं लोण पुढे सरकारी झालं. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. आपण सगळेच त्या 'एनएसएस'च्या सात दिवसांच्या शिबिरात गेलो आहोत. शोषखड्डे, ग्रामसफाई, रात्री पथनाट्य. त्यात चांगलं पुष्कळ झालं. पण शिबिरात लावलेली रोपं पुढच्या वर्षी दिसली का, हा प्रश्न कुणी विचारू नये असा अलिखित करार असायचा.

इथं मला आपल्या भंडाऱ्याचे तलाव आठवतात. विषय सोडून जात नाहीये, थोडा धीर धरा.

आपला जिल्हा तलावांचा. पिढ्यान्‌पिढ्या कोहळी समाजानं हे तलाव बांधले. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळत असे. आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध कोलू पाटील कोहळीच्या नावानं ओळखला जातो. (१ मे १९९९ पर्यंत आपण सगळे एकच जिल्हा होतो, हे भाचरांनो लक्षात असू द्या.) तलाव बांधणं एकदाचं असतं, पण पाळ सांभाळणं दरवर्षीचं. उन्हाळ्यात गाळ काढायचा, पाळीला माती लावायची, पाट साफ करायचे. गाव त्यात राबायचं. हे काही गोडगोड नव्हतं. मालगुजारीत सक्ती होती, वेठ होती, वरचा-खालचा भेद होता. पण पाळ कुणाची आणि ती कुणी बघायची, हे लहान पोरालाही ठाऊक असायचं.

३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो. तलाव सरकारजमा झाले. जुलूम गेला ते फार बरं झालं. पण त्याबरोबर पाळीचा धनीही गेला. सरकारचा तलाव, सरकार बघेल. आणि कितीतरी तलाव आणि बोड्या गाळानं भरत गेल्या. बेशरम आणि जलपर्णी माजली. गेल्या काही दशकांत लोकांनी पुन्हा हात घातला, काही तलाव जिवंत झाले, तेव्हा कळलं की काम मातीचं कमी आणि माणसं गोळा करण्याचं जास्त आहे.

तारखा बघा. मार्च १९५१ ला भंडाऱ्यातल्या तलावांची सामुदायिक निगा सुटायला लागली, आणि जून १९५१ ला वरोऱ्याला सहा रुग्ण विहीर खणायला लागले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण शेजारी ठेवल्या की एक दिसतं. ज्या गावांकडे तलाव होते, पाळी होत्या, धडधाकट हात होते, त्यांची पाणवठ्याची जागा मोडत गेली. आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं, बोटंसुद्धा नव्हती, त्यांची जागा वाढत गेली. कारण आनंदवनात 'हे कोण बघेल' या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आपणच.

आता घरच्यांच्या विसाव्याबद्दल. आपल्याकडे ज्यांना ही गोष्ट फार आधी कळली ते गाडगेबाबा. शेतात राबणारा, शाळा न शिकलेला माणूस, पण त्यांना दिसलं की रुग्णाला इस्पितळात खाट मिळते आणि नातेवाईक फूटपाथवर झोपतो. मुंबईला जे. जे. इस्पितळाजवळ त्यांनी धर्मशाळा उभी केली. पुढे दादरला, टाटा इस्पितळात येणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी, त्यांच्याच नावानं धर्मशाळा झाली. भंडाऱ्याच्या माणसाची मुंबई म्हणजे नागपूरचं मेडिकल. तिथं व्हरांड्यात, झाडाखाली, चटई टाकून, स्टोव्हवर डाळभात शिजवत दिवस काढलेलं घर आपल्या ओळखीत निघणार नाही असं होणारच नाही.

आणि ९ जानेवारी २०२१ ची ती पहाट. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. त्यानंतर यंत्रं, वायरिंग, अग्निसुरक्षा यांवर चर्चा झाली, ती व्हायलाच हवी होती. माझ्या मनात मात्र राहून राहून त्या आयाच येतात. अशा कक्षात आई आत नसते. बाळ काचेपलीकडे असतं आणि ती बाहेर थांबलेली असते. बाळंतपणाला चार-आठ दिवस झालेली बाई. थांबणं हेही एक काम आहे, अंग मोडून टाकणारं, आणि त्यासाठी इस्पितळाच्या नकाशात जागा नसते.

आमच्याच घरातलं सांगते. मोठ्या बाबांना अर्धांगवायू झाला आणि ते नऊ वर्षं खाटेवर होते. मोठी आई तेव्हा पन्नाशीची असेल. नऊ वर्षांत ती ना कुणाच्या लग्नाला रात्रभर राहिली, ना माहेरी. सगळे यायचे, तिचं कौतुक करायचे, "तुझ्यासारखी तूच" म्हणायचे, फळं ठेवायचे आणि निघून जायचे. शेजारचा एक मुलगा होता, कॉलेजला जाणारा. तो मात्र संध्याकाळी तासभर अभ्यासाची वही घेऊन मोठ्या बाबांजवळ येऊन बसायचा. कुणी सांगितलं नव्हतं. तो बसला की मोठी आई पायात चपला घालायची आणि तलावाच्या पाळीवर जायची. तिथं मोहाच्या झाडाखाली बसायची, बाकी काही नाही. परत आली की पदरात कधी मोहाची फुलं, कधी नुसतीच हवा. मोठे बाबा गेल्यावर कितीतरी वर्षांनी ती मला म्हणाली, "त्या पोरानं मले एक तास देल्ला रोजचा, म्हनून मी जगली."

पाळ तिथं आधीपासून होती. मोहाचं झाडही होतं. नऊ वर्षं ते तिच्या घरापासून पाच मिनिटांवर होतं. पण तो मुलगा येऊन बसेपर्यंत ते तिच्यासाठी नव्हतंच.

म्हणून कुठल्या कॉलेजची मुलं अशी बाग करायची म्हणत असतील तर मी त्यांना नाउमेद करणार नाही. जरूर करा. टेकायला पाठ असलेलं बाकडं ठेवा, कारण थकलेल्या माणसाला पाठ टेकायची असते. पिण्याच्या पाण्याचा नळ ठेवा, आणि डबा धुवायची जागा. फाटक व्हीलचेअर जाईल एवढं रुंद. कडुनिंब, करंज, मोह, आपल्या मातीत तगणारी झाडं लावा. कण्हेर मात्र नको, ती विषारी असते आणि तिथं लहान लेकरं येणार. इस्पितळाचं दार दिसेल अशी एक जागा हवी, कारण 'अमुकचे नातेवाईक कोण' असा पुकारा केव्हा होईल याची धास्ती असते. आणि ते दार अजिबात दिसणार नाही अशीही एक जागा हवी.

पण त्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा. पहिली, बागेत बसायला येणाऱ्याच्या जागी तेवढा वेळ खाटेपाशी कोण बसणार. दुसरी, मे महिन्यात पाणी कोण घालणार. आपल्याकडे रोपं मरतात ती मे महिन्यात, आणि कॉलेजला सुट्टी असते तीही मे महिन्यातच. सोमनाथच्या छावणीनं नेमका तोच आठवडा निवडला, यात मला सगळं आलं असं वाटतं.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, साधनाताई जुलै २०११ मधे. दोघांनाही आनंदवनातल्या श्रद्धावनात मातीतच ठेवलं आहे. चिता नाही, त्या जागी झाडं. तिथून जाताना पायाखाली पाचोळा वाजतो आणि आवाज आपोआप खाली येतो. 'महारोग' म्हणताना आमची म्हातारी माणसं आवाज खाली आणायची, तसा नव्हे. वेगळा.

आता नातेवाईक मंडळींना एक काम. १९६७ च्या आसपास जी वीस वर्षांची होती, ती माणसं आता ऐंशीकडे झुकली आहेत. आपल्या घरात कुणी सोमनाथच्या सुरुवातीच्या छावण्यांना गेलं असेल, कुणाच्या आजोबांनी तलावाच्या पाळीला माती लावली असेल, कुणाच्या घरी ते 'वेगळं भांडं' असेल, तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. वही-पेन घेऊन बसा. भांड्याबद्दल विचारताना घाई करू नका. आणि त्यांच्याजवळ बसलाच आहात, तर घरातल्या बाईला म्हणा, तू जरा तासभर बाहेर जाऊन ये.